प्लॅन १०० चा, मोबाईलवर १८ : पाणी मुरतंय कुठे?

देवगड तालुक्यातल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. घर जुनं, चिरेबंदी. फायबरचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं. मोडेम पडवीत खिडकीपाशी, कारण वायर तिथूनच आत आली. मुलगा पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतो, बसतो मागच्या खोलीत, आणि तिथे मोबाईलवर टेस्ट केली की १८ दिसतात. रात्री त्याहून कमी. पाऊस लागला की मीटिंग मधेच तुटते. त्यांनी विचारलंय, प्लॅन ३०० चा करू, की चार अँटेनांचा नवा राउटर आणू?

आत्ता तरी दोन्ही नको. आधी तांब्याच्या टेलिफोन लाइनी आणि नंतर फायबर असं धरून मला या कामात एकोणीस वर्षं झाली. 'स्पीड येत नाही' म्हणून ज्या घरांत गेलो, त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरांत खांबावरून मोडेमपर्यंत सगळं व्यवस्थित होतं. पाणी मुरत होतं ते मोडेम आणि मोबाईलच्या मधे. तिथे प्लॅन वाढवून काही होत नाही. पाइप आतून तुंबलाय आणि तुम्ही टाकी मोठी करताय, असा तो प्रकार.

एक गैरसमज आधी निस्तरतो, कारण त्यावरून माझी बरीच भांडणं झालीत. प्लॅन लिहिलेला असतो मेगाबिटमध्ये (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट), आणि कॉम्प्युटर फाइल उतरवताना बहुतेक वेळा दाखवतो मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साडेबारा एमबीने उतरली तर ते पूर्ण माप झालं. अकरा दिसले तरी तक्रार करण्यासारखं काही नाही. तुमचे १८ मात्र स्पीड टेस्टमधले आहेत, म्हणजे मेगाबिटच. तुमची तक्रार खरी आहे.

आता मोजणी. एक लॅपटॉप आणि एक चांगली लॅन केबल घ्या, मोडेमच्या पहिल्या पोर्टात खोचा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि घरातल्या बाकी सगळ्यांना दहा मिनिटं मोबाईल खाली ठेवायला सांगा (हे सर्वांत अवघड काम). मग टेस्ट. एकदा सकाळी अकराच्या सुमारास, एकदा रात्री साडेनऊला, असं तीन दिवस करा आणि आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा. मोबाईलवरची टेस्ट ही मोबाईलची, वायफायची, भिंतीची आणि लाइनची अशी चौघांची मिळून परीक्षा असते. नापास कोण झालं ते त्यातून कळत नाही. तारेवर एकट्या लाइनची परीक्षा होते.

तारेवर ९३-९५ आले तर कंपनी तुम्हाला पूर्ण देतेय. वरचे पाच कोणी चोरलेले नाहीत. डेटा छोट्या-छोट्या पाकिटांत बांधून जातो, त्या पाकिटांची वेष्टणं वजा जाता १०० च्या पोर्टातून तेवढेच निघतात. आणि ३०० च्या प्लॅनची खरी गोम इथेच आहे. स्वस्तातल्या बऱ्याच मोडेमांचे लॅन पोर्ट १०० चेच असतात. असा मोडेम असेल तर ३०० चे पैसे भरूनही तारेवर ९५ च्या वर काटा हलणार नाही. मोडेमच्या मागच्या लेबलवर गिगाबिट किंवा 'जीई' असं काही आहे का ते बघा. पोर्ट गिगाबिटचा असला तरी केबलकडे लक्ष हवं. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. एक तार गंजली की दोन्ही टोकं आपापसांत ठरवून गपचूप १०० वर उतरतात. दिवा लागलेला राहतो आणि कोणाला काही कळत नाही. किनाऱ्यालगतच्या घरांत हे फार बघतो मी. खारी हवा प्लगाच्या पट्ट्यांवर दोन-तीन पावसाळ्यांत हिरवट बुरशीसारखा थर आणते. असा प्लग पुसत बसू नका, कापा आणि नवा लावा. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज असा की तारेवर नव्वदच्या पुढे येतील आणि दोष निघेल चिऱ्याचा.

चिरा म्हणजे जांभा दगड. दिसायला भोकाभोकांचा, त्यामुळे लोकांना वाटतं यातून वायफाय आरपार जात असेल. उलट आहे. जुन्या घरांच्या भिंती फूट-दीड फूट जाडीच्या, दगडात लोह, आणि त्या भोकांत पावसाळाभर पाणी धरलेलं. पाणी हे वायफायचं वैरी आहे. गेल्या पावसाळ्यात आचऱ्याकडच्या एका घरात गेलो होतो. आजी टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "नुसता गोल गोल फिरता." मी मोबाईलमधलं सिग्नल मोजायचं अ‍ॅप उघडून पडवीतून आत चालत गेलो. मोडेमशेजारी उणे ४५. माजघरात, एक भिंत ओलांडल्यावर, उणे ६६. मागच्या खोलीत दुसऱ्या भिंतीपलीकडे उणे ८१. हे आकडे डीबीएमचे, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या मापाचे; उणेपुढचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण. दर १० ला सिग्नल दहावा हिस्सा होतो, म्हणजे ४५ वरून ८१ वर येईतो चार हजारावा हिस्सा उरला. तेवढ्यावरही मोबाईल 'वायफाय जोडलेलं आहे' असं दाखवतो, म्हणून माणूस बिचाऱ्या कंपनीला शिव्या घालत बसतो.

मोडेमवर दोन प्रकारचं वायफाय असतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ वालं वेगवान, पण भिंतीपाशी आल्यावर मान टाकतं. २.४ वालं हळू, पण भिंत थोडीफार ओलांडतं. (नावापुढे '५जी' लिहिलेलं असतं त्याचा मोबाईलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. हे मी आठवड्यातून एकदा तरी कुणालातरी समजावतो.) तुमचे १८ हे बहुधा दोन चिरेबंदी भिंती ओलांडून दमलेल्या २.४ चे आहेत. त्यातल्या त्यात एक बरं. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. रत्नागिरीतल्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये वीस-पंचवीस राउटर त्या तिघांवर तुटून पडतात. तुमच्या वाडीत शेजारचं घर माडाच्या बागेपलीकडे असेल. त्यामुळे चॅनल बदलत बसण्यात तुम्हाला फारसं काही मिळणार नाही. शहरातल्या माणसाने मात्र पहिलं तेच करावं.

आणखी एक गोष्ट लोक धरत नाहीत. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं, असं वायफायचं चालतं. ग्रामसभेच्या नेमकं उलट. मागच्या खोलीतला क्षीण सिग्नलवरचा जुना मोबाईल एक वाक्य बोलायला दहापट वेळ घेतो, आणि तेवढा वेळ पडवीतला चांगला फोनही ताटकळतो. एका खोलीतली अडचण अशी घरभर होते.

उपाय? सर्वांत स्वस्त म्हणजे मोडेम हलवणं. पडवीतल्या खिडकीत बसलेला मोडेम निम्मं वायफाय खळ्याला आणि तुळशीला देतो. लाइनमनला सांगून फायबर माजघरापर्यंत आणून घ्या. फायबर स्वतः ताणू नका. जुन्या कौलारू घरांत एक सोय असते. आतल्या भिंती बरेचदा छपरापर्यंत गेलेल्या नसतात, वरून घर एकच असतं. अशा घरात राउटर भिंतीच्या डोक्याच्या वर, तुळईवर बसवला तर सिग्नल भिंतीतून जायच्या ऐवजी भिंतीवरून उडी मारतो. मी स्वतः असे बरेच बसवलेत. फक्त तिथे उंदीर, गळकं कौल आणि मे महिन्यातली धग यांचा विचार आधी करा, आणि अ‍ॅडॅप्टरची वायर लोंबकळत ठेवू नका. वर स्लॅब किंवा सीलिंग असेल तर हे चालणार नाही. टीव्हीमागे, लोखंडी कपाटावर, फ्रिजशेजारी मोडेम नको. निसर्ग वादळाने २०२० साली दापोली-मंडणगडकडची कौलं नेली आणि बऱ्याच घरांवर पत्रे आले. तिथे मागीलदारी पत्र्याची पडवी असेल तर त्या पत्र्याआड वायफाय जवळपास संपतंच.

रोज आठ तास मीटिंगा करणाऱ्या मुलासाठी मात्र मी जागा बदलण्यावर भागवणार नाही. मोडेमपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट-सिक्स केबल ओढा आणि तिथे एक साधा ड्युअल बँड राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये लावा. मोड तोच निवडा, म्हणजे तो नुसतं वायफाय पसरवतो. नाहीतर घरात दोन-दोन राउटर आयपी (प्रत्येक यंत्राचा नेटवर्कमधला पत्ता) वाटत बसतात आणि प्रिंटर सापडेनासा होतो. केबल घेताना 'प्युअर कॉपर' मागा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, आपल्या हवेत ती टिकत नाही. लांबीची काळजी नको, १०० मीटरपर्यंत लॅन केबल चालते, एवढं मोठं घर कुणाचं नसतं. मुलाच्या लॅपटॉपला तर वायफायही देऊ नका, केबलच खोचा.

दुकानदार तुम्हाला रिपीटर देऊ करेल. 'भिंतीत खोचा, झालं.' लोक तो मागच्या खोलीत खोचतात, जिथे सिग्नल आधीच मेलेला असतो. कोरड्या विहिरीवर पंप बसवल्यासारखं ते. मधल्या खोलीत लावला तर थोडं काम करतो, पण साधा रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. महागडं मेशसुद्धा (एकमेकांशी जोडलेले दोन-तीन राउटर) चिऱ्याच्या दोन भिंतींत बिनतारी जोडलं तर असंच रडतं. तार दिली तर उत्तम. आणि चार अँटेनांचा राउटर? अँटेना वाढल्या म्हणून भिंत पातळ होत नाही. शिवाय बोलणं दोन्हीकडून असतं. राउटर ओरडला तरी मोबाईलचा आवाज तेवढाच.

आता पावसाचं. फायबरमधून प्रकाश जातो, आणि पावसाने प्रकाश हळू होत नाही. तांब्याच्या लाइनीत ओल शिरली की वेग पायरीपायरीने उतरायचा. ती सवय लोकांच्या डोक्यात अजून आहे. फायबरचं तसं नाही. प्रकाश कमी-कमी होत गेला तरी एका मर्यादेपर्यंत वेग पूर्ण राहतो, त्या काठावर आल्यावर चुका आणि तुटातुटी सुरू होतात, आणि काठ ओलांडला की लाल दिवा. म्हणून 'पावसात तुटतं' म्हणणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो, पॉवर किती येतेय, म्हणजे मोडेमपर्यंत प्रकाश किती पोचतोय? बऱ्याच मोडेमांच्या पानावर हे दिसतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (काही मोडेमांचा पत्ता वेगळा असतो, तो लेबलवर मिळतो), आत ऑप्टिकल किंवा पॉन असं पान शोधा, त्यात आरएक्स पॉवर बघा. हेही डीबीएममध्येच. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर निर्धास्त. उणे २५ च्या पुढे गेलं तर लक्ष ठेवा. उणे २७ म्हणजे कडा.

यात माझीच एक फजिती सांगतो. कणकवलीकडच्या एका घरात दर गणपतीत नेट तुटायचं. मी पहिल्या वर्षी मोडेम बदलला, दुसऱ्या वर्षी वरच्या ऑपरेटरवर खापर फोडलं. तिसऱ्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी गेलो तर माटवी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायचं काम चाललं होतं. आमची फायबरची बारीक वायर मधे येते म्हणून पोरांनी ती खिळ्याला करकचून गुंडाळली होती, दरवर्षी गुंडाळत असणार. वळसा एवढा आवळ की प्रकाश बाहेर सांडत होता. पॉवर उणे २७.५. वायर सोडवून मोकळी केली, उणे २०.५. सात डीबीचा फरक, म्हणजे त्या खिळ्यापाशी प्रकाशाचे पाचातले चार हिस्से जात होते. गणपती गेले की माटवी उतरायची आणि नेट आपोआप बरं व्हायचं. म्हणून सांगतो, फायबरला वळसा द्यायचाच तर चहाच्या बशीएवढा द्या, आणि खिळा, दाराची फट, कपाटाची पाठ यांत ती चेपली जाऊ देऊ नका.

घराबाहेरची कारणं आपल्याकडची ठरलेली. माडाची झावळ वायरवर पडते. वानर वायरीवरून झोके घेत जातात. खांबावरच्या जॉइंटच्या डबीचं झाकण नीट न लावल्याने पाणी शिरतं. कनेक्टर हिरवा आणि निळा असा विजोड जोडलेला असतो. हिरव्याचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं, आणि दोन्ही एकमेकांत बसतात हीच पंचाईत. यातलं काही तुम्ही दुरुस्त करू शकत नाही, पण लाइनमनला 'नेट हळू आहे' सांगण्याऐवजी 'पॉवर उणे १९ होती, आता उणे २६ झालीय' असं सांगितलंत तर तो शिडी घेऊन येतो. पहिल्या वाक्याला तो फोनवरूनच 'मोडेम बंद करून चालू करा' म्हणतो. मीही म्हणायचो.

फायबर न पोचलेल्या वाड्यांत डोंगरावरच्या टॉवरवरून घरावर बसवलेल्या रेडिओच्या डबीने बिनतारी नेट घेतात. तिथे पावसाचा त्रास खरा असतो, पण त्या फ्रिक्वेन्सीला पावसाच्या थेंबांपेक्षा भिजलेलं पान जास्त नडतं. उन्हाळ्यात लावलेली डबी जुलैत वाढलेल्या आंब्याच्या फांदीमागे जाते. फांदी छाटा, नाहीतर डबी उंच करा.

रात्री वेग कमी होतो, त्याची दोन कारणं असू शकतात आणि तारेवरची मोजणी ती वेगळी करते. तारेवर सकाळी ९४ आणि रात्रीही ९४ असेल तर तुमच्याच घरातली माणसं रात्री नेट वापरतायत, एवढंच. सकाळी ९४ आणि रात्री ३५ असेल तर वर गर्दी आहे. आपल्याकडच्या साध्या जीपॉन (एक धागा अनेक घरांत वाटायची पद्धत) फायबरमध्ये एका धाग्यावर खाली येणारा वेग साधारण २४८८ एमबीपीएस असतो, तो स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. ६४ घरांनी एकदम नळ सोडला तर घरटी जेमतेम ३९. एरवी सगळे एकदम सोडत नाहीत म्हणून भागतं. गणपतीत चाकरमानी आले की घरागणिक दहा-बारा मोबाईल वाढतात आणि हे गणित उघडं पडतं. शिवाय लहान ऑपरेटरने वरून घेतलेली लाइनच कमी असेल तर स्प्लिटरपर्यंत जायचीही गरज नाही. अशा वेळी ३०० चा प्लॅन म्हणजे त्याच गर्दीत महागडं तिकीट. तीन दिवसांचे आकडे देऊन तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या; दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांत ती सोय आहे. सरकारी व्याख्येचा आधार घ्यायला जाल तर निराश व्हाल. २०२३ च्या जानेवारीपासून २ एमबीपीएस मिळालं तरी ते कागदावर ब्रॉडबँडच.

मीटिंग तुटण्याचं आणखी एक कारण असतं, आणि त्याचा खाली येणाऱ्या वेगाशी संबंध नाही. मीटिंगला दोन-चार एमबीपीएस पुरतात. तिला हवा असतो वेळेवर मिळणारा जबाब. देवगडहून मुंबईला जाऊन यायला प्रकाशाला धाग्यातून पाचेक मिलिसेकंद लागतात, मधली यंत्रं धरून पिंग, म्हणजे जबाब परत यायला लागणारा वेळ, १५-२० मिलिसेकंद आला तर छान. आता घरातल्या कोणीतरी आंब्याच्या पेट्या भरतानाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावले की मोडेमच्या दारात पाकिटांची रांग लागते आणि तोच पिंग चारशेवर जातो. स्पीड टेस्ट छान, मीटिंग मात्र 'आवाज येतोय का?' एका मोबाईलवरून मोठा व्हिडिओ चढवत ठेवून दुसरीकडे पिंग बघा, लगेच कळेल. राउटरमध्ये क्यूओएस (कशाला किती वेग द्यायचा ते बांधायची सोय) असेल तर अपलोड मिळतं त्याच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्री बाराच्या पुढे लावा. हा फुकटचा उपाय आहे आणि बऱ्याच घरांत एवढ्यानेच भागतं.

वीज हा वेगळाच विषय आहे. बत्ती क्षणभर गेली तरी मोडेम परत उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि मुलगा मीटिंगबाहेर. १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस बसवा, घेताना अ‍ॅडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा जुळवून. आणि मृगाच्या आधीच्या व परतीच्या पावसात गडगडायला लागलं की अ‍ॅडॅप्टर आणि लॅन केबल दोन्ही काढा. नुसता अ‍ॅडॅप्टर काढून भागत नाही. या घरातून त्या घरात उघड्यावरून लॅन केबल नेलेली असेल तर ती विजेला आमंत्रणच; तिथे फायबरच ओढा.

तर तुम्ही आधी मला तीन आकडे कळवा : तारेवरचा सकाळचा, तारेवरचा रात्रीचा, आणि मोडेमच्या पानावरची पॉवर. पहिले दोन नव्वदच्या वर असतील तर खर्च फक्त केबल आणि एका साध्या राउटरचा. पॉवर उणे २५ च्या पलीकडे असेल तर लाइनमनला याच आठवड्यात बोलवा. एकदा पाऊस धरला की ओल्या खांबाला तो शिडी लावणार नाही, आणि त्याने लावूही नये.